सुगीची सुटी कोणाची?

दिवाळीचा सुमार आला की लहान मुलांना सुटीत कसे गुंतवून ठेवावे ह्याविषयी पालकांना उपदेश करण्याची एक लाटच आपल्याकडे दरवर्षी उसळते. रंगीत कागदाची झाडे कापा, लाल-पिवळी पाने चिकटवा, डाळी-तांदळाच्या दाण्यांची नक्षी काढा, जवळच्या एखाद्या शेतावर सहकुटुंब एक दिवस घालवा, असे ह्या उपदेशाचे ठरीव स्वरूप असते. त्यात वाईट असे काही नाही. चार वर्षांच्या मुलाने कात्री हाती धरली म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. परंतु हा उपदेश ज्या ऋतूच्या नावाने केला जातो तो ऋतू कोठला, आणि ज्या मुलांच्या नावाने केला जातो ती मुले कोणती, हा प्रश्न आता विचारलाच पाहिजे असे आम्हांस वाटते. तो आम्ही ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड ह्या दोन तालुक्यांपुरता विचारणार आहोत. शहरातले कुटुंब सकाळी निघून, कापणी पाहून, रात्री आपल्या घरी परतू शकते इतके हे तालुके मुंबईला जवळ आहेत. त्यांच्या भातसा-तानसाचे पाणी शहराच्या नळाला येते, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यांतील पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. शहराने ह्या मुलखाकडून काय घ्यावे आणि त्याला काय द्यावे ह्याचा हिशेब पाण्याच्या बाबतीत जसा आहे तसाच तो सुटीच्या बाबतीतही आहे.

आधी त्या कागदी पानांकडे पाहू. शरदात पाने गळतात असे आमच्या मुलांना कोणी सांगितले? माहुलीच्या उतारावरचा साग आश्विनात हिरवा असतो. त्याची पाने गळून रान उघडे पडते ते माघ-फाल्गुनात, आणि पळस-पांगारा फुलतात तेही त्याच उघड्या रानात. पानगळीसाठी आपल्या भाषेत स्वतंत्र ऋतू आहे आणि त्याला शिशिर असे नाव आहे. ऑक्टोबरात लाल-पिवळी होऊन गळणारी पाने थंड देशांतील झाडांची आहेत. तेथील बालवर्गात ती चिकटविली जातात ते योग्यच होय, कारण तेथील मूल खिडकीतून तेच पाहत असते. कल्याण-बदलापूरच्या बालवर्गात तीच पाने चिकटविणाऱ्या मुलाला खिडकीतून दिसते ते वेगळे, आणि त्याच्याकडे पाहू नये असेच जणू त्याला शिकविले जाते. आश्विनात ह्या मुलखातील खाचरे पिवळी पडतात, लोंब्या वाकतात, बांधांवर कुर्डू डोलतो, पठारांवर सोनकी असते. दसऱ्याच्या तोरणात झेंडूबरोबर भाताच्या लोंब्या येतात. आश्विनी पौर्णिमेला शहर कोजागिरी म्हणून दूध आटविते. कोकणपट्टीत तिला नवान्न पौर्णिमा म्हणतात. एवढे सगळे दाराशी असताना आमचे बालशिक्षण परक्या झाडाची पाने कापीत बसते.

ही झाली केवळ विनोदाची बाजू. गंभीर बाजू ह्यापुढे आहे.

अलीकडे ह्या दोन्ही तालुक्यांत शेतघरे आणि कृषिपर्यटनाची ठिकाणे निघाली आहेत. कापणीच्या दिवसांत शहरातील कुटुंबे शनिवार-रविवारी तेथे येतात. मुलाच्या हाती विळा दिला जातो, त्याने चार चूड कापले की त्याचे छायाचित्र निघते, मग पिठले-भाकरी होते, बैलगाडीतून एक फेरी होते, आणि गाडी कल्याणच्या रस्त्याला लागते. आम्ही ह्याची टवाळी करू इच्छीत नाही. शहरातील मुलाने भात कसे येते ते पाहिलेच पाहिजे. तांदूळ पिशवीत पिकतो अशी समजूत घेऊन वाढणाऱ्या पिढीपेक्षा चार चूड कापलेली पिढी केव्हाही बरी. त्या शेतकऱ्यालाही चार पैसे मिळतात आणि ते त्याच्या घामाचे असतात. आमचे म्हणणे एवढेच की, त्याच आठवड्यात दोन खाचरे पलीकडे त्याच वयाचा एक मुलगा तोच विळा हाती घेऊन आपल्या बापामागे उभा असतो, आणि त्याच्या नावापुढे शाळेच्या हजेरीपटात ‘गैरहजर’ असे पडत असते. एकाच बांधावर एकाच्या हातातील विळ्याला आपण ‘अनुभव’ म्हणतो आणि दुसऱ्याच्या हातातील विळ्याला ‘गळती’. पहिल्याचा बाप त्या अनुभवासाठी पैसे मोजतो. दुसऱ्याच्या बापाला मात्र पालकसभेत मुलाला शाळेत न पाठविण्याबद्दल कानपिचक्या मिळतात. ही विषमता इतकी उघडी आहे, आणि तिच्याविषयी इतके थोडे लिहिले जाते, की हा लेख लिहिणे आम्हांस भाग पडले.

हे असे का होते? सुटी पंचांगाप्रमाणे येते आणि भात पावसाप्रमाणे पिकते, म्हणून होते. लक्ष्मीपूजन २०२२ साली २४ ऑक्टोबरला होते, २०२३ साली अधिक मासामुळे १२ नोव्हेंबरला गेले, २०२५ साली २१ ऑक्टोबरला आले. म्हणजे तीन वर्षांत दिवाळीची सुटी तीन आठवडे मागेपुढे झाली. भाताला चंद्राच्या तिथीचे सोयरसुतक नसते. जूनमध्ये पेरलेले हळवे भात, उदाहरणार्थ कर्जतच्या संशोधन केंद्राचे कर्जत-३ हे वाण, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात कापणीस येते; निमगरवे त्याच्या मागून येते; आणि खोलगट, पाणथळ खाचरांतील गरवे नोव्हेंबरात. उंचावरच्या वरकस जमिनीतील नाचणी-वरीचा हिशेब निराळाच. त्यात परतीचा पाऊस. २०१९ साली ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरच्या आरंभी अवेळी पाऊस कोसळला आणि कापून पसरलेले भात खाचरांतच भिजून त्याला कोंब फुटले. ज्याने ते दृश्य पाहिले आहे तो शेतकरी आभाळ उघडल्याच्या दिवशी घरातील प्रत्येक हात खाचरात नेतो. त्या दिवशी शाळा आहे की सुटी ह्याची तो चौकशी करीत नाही, आणि त्याने ती करावी असे म्हणण्याचा अधिकार, ज्यांचा पगार पावसाने भिजत नाही अशा आपल्यासारख्यांना तर मुळीच नाही.

सुट्यांचे कोष्टक सामान्यतः जिल्ह्याच्या ठिकाणी एकदाच तयार होते. भिवंडीच्या यंत्रमागांशेजारची शाळा आणि माळशेजच्या पायथ्याची शाळा ह्यांना तेच कोष्टक लागू पडते. हे अपरिहार्य आहे काय? मुळीच नाही. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या ९ व्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये दिली आहेत, आणि त्यांत शैक्षणिक दिनदर्शिका ठरविणे हे एक कर्तव्य म्हणून स्पष्ट नमूद आहे. त्याच कलमात स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याचेही कर्तव्य आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे एवढी मर्यादा अधिनियमाच्या अनुसूचीने घातली आहे. ते दिवस कोणते हे तिने ठरविलेले नाही. म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवले आहे. आत पाऊल टाकण्याची कोणाची इच्छा नाही, एवढेच.

जगात हे कोणी केले नाही असेही नाही. डेन्मार्कमध्ये ऑक्टोबरातील शाळेच्या सुटीला आजही लोक ‘बटाट्याची सुटी’ म्हणतात. मुले बटाटे काढण्यास घरी राहत म्हणून ती पडली. स्कॉटलंडच्या काही भागांत तेच नाव चालते. अमेरिकेच्या मेन राज्यातील अरूस्टुक परगण्यात बटाट्याच्या काढणीसाठी शाळा बंद ठेवण्याची चाल पिढ्यान् पिढ्या चालत आली. त्या देशांत आता बहुतेक मुले शेतात राबत नाहीत आणि बहुतेक ठिकाणी सुटीचे नाव तेवढे उरले, हे खरे. परंतु तेथे निदान एकेकाळी शाळेने शेताला विचारून कुलूप लावले. आपल्याकडे ते बोलणे अजून सुरूच व्हावयाचे आहे.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो घेणाऱ्याविषयी आम्हांस आदर आहे. तो म्हणेल, तुम्ही मुलांना राबविण्यास सुटी मागता. आज आठ दिवस कापणीला दिलेत तर उद्या वर्षभर द्याल. ह्या आक्षेपाला उत्तर देण्याआधी, मूल खाचरात नेमके काय करते ते पाहिले पाहिजे, कारण आक्षेप घेणारे आणि शेतमजुरीची काव्ये रचणारे हे दोघेही ते पाहत नाहीत.

पाच-सहा वर्षांचे मूल कापणी करीत नाही. ते सरवा वेचते. कापताना आणि भारे वाहताना गळून पडलेल्या लोंब्या वेचून ते एका फडक्यात जमवितात, आणि तो सरवा बहुधा त्या मुलाचाच असतो. चूड किती जाड घेतला म्हणजे त्याची पेंढी नीट बसते, पेंढ्याचाच बंध वळून ती कशी बांधावी, कोणते भात दोन उन्हे खाल्ल्यावर उचलावे आणि कोणते तसेच राहू द्यावे, हे सात-आठ वर्षांच्या मुलास बघून बघून कळते. खळे शेणाने सारविताना त्याला उतार किती द्यावा लागतो, झोडणीला पाट कोठे ठेवावा लागतो, वारा देताना सूप कोणत्या अंगाने धरले म्हणजे दाणा जवळ पडतो आणि पळींज लांब उडते, हे पदार्थविज्ञान आहे. त्याला कोणी ते नाव देत नाही इतकेच. रास मोजताना जुनी माणसे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात, आणि दुसऱ्यापासून आकडे सुरू करतात. गणिताच्या तासाला शंभरपर्यंत आकडे घोकविणाऱ्या गुरुजींनी ह्या मोजणीत एकदा तरी वर्ग नेऊन बसवावा. पायलीची खंडी होईपर्यंत मुलाच्या तोंडी जेवढी बेरीज बसते तेवढी फळ्यापुढे बसत नाही. कातकऱ्यांची मुले उंदरांची बिळे खणून त्यांत साठविलेल्या लोंब्या काढतात. त्यांना उंदराच्या बिळाची वळणे जितकी ठाऊक असतात तितकी प्राणिशास्त्राच्या पुस्तकात नसतात. वसुबारसेला ह्या सह्याद्रीच्या पट्ट्यातील ठाकूर-कोळी वस्त्यांत वाघबारस होते. गुराखी मुले वाघोबाच्या थानाशी जमतात, रानातच खीर शिजते, आणि आपल्या गुरांना राखण्याची विनवणी त्या देवाला केली जाते. सुटीतला ‘उपक्रम’ म्हणून कोणी ह्याहून सरस काही सुचवावे, आम्ही ते आनंदाने छापू.

हे झाले उजेडाचे. पण बांधावर आंब्याच्या फांदीला झोळी टांगलेली असते आणि झोळीतल्या पोराला आठ-नऊ वर्षांची एक मुलगी दिवसभर झोके देत असते. ती सरवा वेचीत नाही, वारा देत नाही, रास मोजीत नाही. आई कापणीत असते म्हणून ती झोळीपाशी असते, आणि दहा दिवस असते. त्या दहा दिवसांत ती जे शिकते ते एवढेच की आपले काम हे. आक्षेप घेणाऱ्याने बोट ठेवावयाचे ते ह्या झोळीवर. आणि शेतीतल्या श्रमाचे गोडवे गाणाऱ्यांनीही आपले गाणे तेथे थोडे थांबवावे. १९८६ चा बालकामगारविषयक अधिनियम २०१६ साली सुधारला तेव्हा, धोक्याचे नसलेले असे आपल्या कुटुंबाचे काम मुलाने शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत करण्यास मुभा ठेवण्यात आली. ह्या मुभेवर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती निष्कारण नाही. परंतु एकदा कायद्यानेच ‘सुटीत’ असा शब्द घातला, तर ती सुटी कापणीच्या वेळी येते की तीन आठवडे चुकून येते हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही. सुटी चुकली की मूल घरच्या खाचरात असूनही कायद्याच्या बाहेर असते, आणि शाळेतून नाव कमी होण्याच्या वाटेवर असते.

मग त्या झोळीचे काय? त्याचे उत्तर ह्याच जिल्ह्याने एकदा दिले होते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे त्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. बोर्डी व कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी कुरणात शाळा भरविली आणि तिला कुरणशाळा म्हटले. मूल जेथे आहे तेथे शाळेने जावे, हे त्यांच्या कार्याचे सूत्र होते. त्यांचे ‘अंगणवाडी’ हे नाव आज देशभर चालते. मात्र त्या नावातील अंगण हरवले आणि एक खोली, एक हजेरीपट आणि खिचडीचे पातेले एवढे उरले, असे म्हटल्यास सेविकांनी रागावू नये, दोष त्यांचा नाही. कापणीच्या पंधरवड्यात अंगणवाडी खळ्याशेजारी भरली, झोळीतले पोर आणि त्याचे पाच वर्षांचे भावंड सकाळपासून तेथे राहिले, तर ती आठ वर्षांची मुलगी मोकळी होईल. ती त्या दिवशी शाळेत जाईल की सरवा वेचील हे मग तिने ठरवावे.

मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा निघाली तेव्हा सबंध देशातील वृत्तपत्रांनी गुलाबी लुगड्यांतल्या आजींची छायाचित्रे छापली. त्या शाळेची आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट छायाचित्रात दिसत नाही. ती शाळा दुपारी भरे, कारण आजींना सकाळची कामे असत. सत्तरीच्या विद्यार्थिनींसाठी शाळेने वेळ बदलली आणि कोणास त्यात काही वावगे वाटले नाही. सात वर्षांच्या विद्यार्थिनीसाठी दिवस बदलावे म्हटले की मात्र नियम आठवतात.

ज्यांना खाचर नाही त्यांच्याविषयी आम्ही आतापर्यंत बोललो नाही, आणि सुगीच्या सुटीचा सर्वांत कठीण भाग तोच आहे. कातकरी ही जमात शासनाने विशेष असुरक्षित म्हणून गणली आहे. ह्या दोन तालुक्यांतील कित्येक कातकरी कुटुंबे कापणीपर्यंत दुसऱ्याच्या खाचरांत मजुरी करतात, आणि दिवाळी होताच वीटभट्ट्यांवर निघतात. उचल आधीच घेतलेली असते. भिवंडी-कल्याणच्या बाजूस भट्टीशेजारी खोपटे पडते आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत कुटुंब तेथेच राहते. त्या घरातील मुलाच्या दृष्टीने दिवाळीच्या सुटीचा अर्थ काय? सुटी लागली त्या दिवशी ते शाळेतून बाहेर पडले, आणि सुटी संपल्याच्या दिवशी शाळेत त्याची जागा रिकामी होती. मधल्या दिवसांत ते गेले, आणि तेव्हा शाळेला कुलूप असल्यामुळे ते जाताना कोणी पाहिले नाही. वर्गात ‘सुटीत मी काय केले’ हा निबंध लिहून घेताना त्या रिकाम्या जागेचा निबंध कोणी लिहावा? स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, हंगामी वसतिगृहांची योजना आहे. कागदावर व्यवस्था पुष्कळ आहे. ती सारी नेमकी त्या पंधरवड्यात झोपलेली असते ज्या पंधरवड्यात तिची गरज असते, कारण तो पंधरवडा शिक्षकाच्याही सुटीचा असतो. सुटी कापणीच्या वेळी द्या आणि कुटुंबे भट्टीवर निघण्याच्या आठवड्यात शाळा उघडी ठेवा, एवढे केले तरी पत्रक मुलाच्या हातात पडेल आणि त्याचा आजा-आजीपाशी राहण्याचा किंवा वसतिगृहाचा विचार निघण्याआधी होईल. शिक्षकांचीही दिवाळी असते हे आम्ही विसरलो नाही. सणाचे चार दिवस सर्वांनाच हवेत. वाद उरलेल्या दिवसांचा आहे.

ह्या पत्राच्या वाचकांनी आपल्या वाङ्मयाकडेही थोडे पाहावे. ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शतकाहून अधिक काळ आपण दिवाळीला छापीत आणि वाचीत आलो आहो. मुलांसाठीही त्या काळात पुष्कळ छापले गेले. त्यातील सुटीच्या गोष्टीचा साचा आठवून पाहा. शहरातील मुलगा सुटीत मामाच्या गावी जातो, तेथे त्याला एक सवंगडी भेटतो, तो त्याला झाडावर चढण्यास आणि ओढ्यात पोहण्यास शिकवितो, आणि शेवटी शहरातील मुलगा मोटारीत बसतो व सवंगडी हात हालवीत फाट्यावर उभा राहतो. तो सवंगडी घरी परत गेल्यावर काय करतो हे गोष्टीला ठाऊक नसते. खेडे हे आमच्या बालवाङ्मयात सुटीत जाण्याचे ठिकाण आहे. सुटीतही जो तेथेच असतो त्याची सुटी अद्याप लिहिली गेलेली नाही. कृषिपर्यटनाच्या जाहिराती लिहिणाऱ्यांनी ही दृष्टी नव्याने काढली नाही, ती त्यांना आम्ही लेखकांनीच तयार करून दिली.

शहरातील ज्या कुटुंबाला आपल्या मुलास कापणी दाखवावयाची आहे त्याने खुशाल यावे. आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्टेशने लोकलच्या वाटेवर आहेत आणि मुरबाडला कल्याणहून एस. टी. जाते. यावे ते शेतकऱ्याच्या सवडीने यावे, त्याचे ऊन असेल त्या दिवशी यावे, भारे वाहावेत, आणि दुपारी झोळीतले पोर थोडा वेळ आपल्या मांडीवर घ्यावे. मुलाचे छायाचित्र काढावयाचे तर त्या मुलीचेही नाव विचारून घ्यावे.

राहिला प्रश्न तारखेचा. ती मे महिन्यात ठरविता येत नाही, कारण पाऊस केव्हा येईल आणि कोण कोणते भात लावील हे तेव्हा कोणास सांगता येत नाही. ऑगस्टच्या मध्यापर्यंत लावणी आटोपलेली असते. कोणत्या खाचरात हळवे आहे आणि कोणत्यात गरवे हे गावातील शेंबड्या पोरालाही सांगता येते, आणि कोणत्या घराने भट्टीची उचल घेतली आहे हेही लपून राहत नाही. पंधरा ऑगस्टला झेंडा लावल्यावर ग्रामसभा भरते. तिच्या कामकाजात रस्ता, गटार आणि दिवाबत्ती ह्यांच्या आधी एक विषय घालावा: ह्या वर्षी आपल्या गावचे भात केव्हा निघणार आणि शाळा कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत बंद राहणार. तो ठराव गुरुजींनी लिहून जिल्हा परिषदेकडे पाठवावा, आणि तेथील अधिकाऱ्यांनी तो नामंजूर केला तर त्याची कारणे लेखी मागवावीत.